बोंड्या पडतो

बोंड्या पडला तेव्हा मी अंग पुसत होतो, आणि खरं सांगतो, मला वाटलं हा नाटक करतोय. नाटकी तर तो होताच. दुधावरची साय मिळाली नाही की एक पाय उचलून लंगडायचा, आणि वाटी समोर ठेवली की चारही पायांवर पळायचा. मागच्या अंगणात नळाजवळ माझी आंघोळ चाललेली, आत जाळीच्या दारामागे त्याचा नेहमीचा आरडाओरडा चाललेला. उड्या, रडणं, नखांनी जाळी ओरबाडणं. रजनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, उघडा आता दार, डोकं उठलं माझं.” मी कमरेला टॉवेल गुंडाळला आणि कडी काढली. तो आला तो सरळ अंगावर. पुढचे दोन्ही पाय माझ्या मांडीवर, तोंड उघडं, अख्खं शरीर शेपटीसकट हलतंय. मी म्हटलं, “आलो ना बे लेकाच्या, आलो.” आणि त्याचे पाय मांडीवरून घसरले. मान मागे गेली, पाय ताठ झाले, ओल्या फरशीवर तो कुशीवर पडला आणि त्याच्याखालून लघवी वाहत माझ्या पायापर्यंत आली. मी हसलो. हे मला अजून खरं वाटत नाही, पण मी हसलो. “बस झाली नौटंकी, ऊठ,” म्हटलं. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते. जीभ जांभळी पडली होती. रजनी कणकेच्या हातांनी धावत आली आणि मी तिथेच फतकल मारून बसलो, टॉवेलचं भान नाही, थंडीचं नाही. मग तो आपणच उठला. कान झाडले, इकडेतिकडे पाहिलं, लघवी हुंगली, जणू ती दुसऱ्या कुणाची असावी, आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवायला लागला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही असं यवतमाळात कुणी म्हणणार नाही.

त्या दिवसापर्यंत आमच्या घरात कुणाला शंका म्हणून आली नव्हती, कारण खोकल्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. मी घाटंजी रोडवरच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. गाडीतल्या कापसाची मूठ घ्यायची, बोटांत ओढून धागा बघायचा, ओल बघायची, कवडी म्हणजे किडका कापूस किती, पत्ती म्हणजे वाळका पाला किती ते सांगायचं. दिवाळीपासून होळीपर्यंत हेच. संध्याकाळी भुवया पांढऱ्या, नाकात कापसाचं तूस, घशात तूस. जिनिंगमधला माणूस खोकला नाही तर लोक विचारतात, बावा तब्येत बरी आहे ना. पाळी सुटली की आमच्याकडे प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. गूळ खायचा, वर पाणी प्यायचं, घसा साफ. माझ्या आधीपासून चालत आलेली पद्धत आहे. तेव्हा दोन हिवाळ्यांपूर्वी बोंड्या पहिल्यांदा खोकला, खाली मान घालून, घशात काही अडकल्यासारखा, शेवटी ओकारी काढत, तेव्हा विचार करायची गरजच पडली नाही. मी जिनिंगमध्ये बोललो तर कापूस झाडणारी हंसाबाई म्हणाली, “साहेब, तुमच्या कपड्याचा कापूस त्याच्या गयात जाऊन बसला. गुयाचा खडा देत जा त्याले.” मला पटलं. आल्या आल्या तो माझ्या पँटीत तोंड खुपसायचा हे खरंच होतं. मग मी घरात नियम केला. रोज मागच्या दारानं यायचं, कपडे अंगणातच बादलीत टाकायचे, डोक्यावरून आंघोळ करायची आणि मगच बोंड्याला हात लावायचा. तोवर त्याला आत कोंडायचं. मला या नियमाचा अभिमान होता. पोरीसाठी कधी केलं नाही ते मी कुत्र्यासाठी करतो, असं रजनी बाहेर सांगायची, आणि मी ते कौतुक समजायचो.

जनावरांच्या डॉक्टर दीपा खोब्रागडे मूळच्या बोरी अरबच्या. वय आमच्या पोरीएवढं, भैरवीएवढं. दवाखान्यात शेळ्याच जास्त. त्या दिवशीही एक शेळी बोंड्याच्या नाकासमोर उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि हा लेकाचा माझ्या काखेत तोंड लपवत होता. डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “खोकला कधीपासून आहे, काका?” मी म्हटलं, “तो कापसाचा खोकला आहे. मी जिनिंगमध्ये आहे. आम्हाला सगळ्यांनाच असतो.” “हा येतो जिनिंगमध्ये?” “हा काहून येईल? माझ्या कपड्यांवरून जातं तूस.” “उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं ना. तेव्हा खोकत होता?” “खोकत होता,” रजनी म्हणाली. खोकत होता, आणि मी म्हणालो होतो की मागच्या सीझनचा कापूस बसलाय छातीत, निघेल हळूहळू. जिनिंगमधली माणसं असंच म्हणतात. मे महिन्यात खोकतात आणि दिवाळीच्या कापसाला शिव्या देतात. डॉक्टर म्हणाल्या, “काका, हा खोकला घशाचा नाही. हृदयाचा आहे.” त्या समजावून सांगत होत्या. हृदयातली डाव्या बाजूची झडप जाड झाली आहे, नीट मिटत नाही. पुढे जायचं रक्त थोडं मागे येतं. मागे आलेल्या रक्तानं हृदय फुगलंय, फुगून वरच्या श्वासनळीला दाबतंय, म्हणून खोकतो. लहान चणीच्या कुत्र्यांना म्हातारपणी हे होतंच. मग त्यांनी नळी माझ्या कानांत घातली. मला वाटलं होतं धडधड ऐकू येईल. आलं ते वेगळंच. आधी एक ठोका आणि त्याला चिकटून फुस्स, पुन्हा ठोका, फुस्स, मग तीनचार एकावर एक धावून गेले, मग काहीच नाही. इतकं काहीच नाही की मी बोंड्याकडे बघितलं. तो टेबल चाटत होता. मग पुन्हा एक ठोका. पट्टा घसरायला लागला की जिनिंगचं मशीन असं चालतं, आणि अशा वेळी आम्ही आधी स्विच बंद करतो.

“आता ताल बिघडला आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. तो खूप आनंदला की ठोके इतके पळतात की रक्त पुढे ढकललंच जात नाही. डोक्याला रक्त कमी पडलं की पडतो.” “आनंदला की?” मी विचारलं. “हो. फार उत्तेजित झाला की.” “आणि मग?” “उठतो. पण एखाद्या वेळी उठणार नाही.” हे त्यांनी सरळ सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग त्यांनी विचारलं की तो नेमका कधी पडला, आणि मी सगळं सांगितलं. मागचं दार, बादली, आंघोळ, जाळी. अभिमानानंच सांगितलं, आता आठवलं की अंगावर काटा येतो. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुमची आंघोळ होईपर्यंत तो आत ओरडतो, उड्या मारतो.” “हो.” “रोज?” “रोज.” दोन हिवाळे मी त्याला कापसापासून वाचवत होतो, आणि वाचवता वाचवता दाराआड नाचवत होतो. बाहेर शेळी ओरडली. मला त्या शेळीचा इतका राग आला की मी तिच्या मालकावरच खेकसलो.

नागपूरलाही नेऊन आणलं. त्याच्या पायांना चिमटे लावून कागदाची लांब पट्टी काढली. तिथल्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं की ह्या टोकांमधलं अंतर सारखं हवं, ते सारखं नाही. गोळ्या लिहून दिल्या. छातीत पाणी साचू नये म्हणून लघवीची, हृदयाला जोर यावा म्हणून एक, ठोके आवरायला एक. खारी बंद, पापड बंद. आणि नियम सांगितले, माझ्यासाठी. घरात आल्या आल्या हाक मारायची नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, सरळ जाऊन बसायचं. तो आपोआप शांत झाला की मग हात फिरवायचा, तोही हळू. मोठा आवाज नको. परतीच्या गाडीत तो रजनीच्या मांडीवर झोपला होता आणि मी खिडकीतून बाहेर कपाशीची शेतं बघत होतो, पण डोक्यात एकच घुमत होतं. माझ्या येण्यानं पडतो. माझ्या येण्यानं. मारेगावला आम्ही लहान असताना वडील कोर्टातून यायचे तेव्हा सायकल फाटकाला टेकल्याचा आवाज व्हायचा आणि आई रेडिओ बारीक करायची. आम्ही भावंडं पुस्तकं उघडायचो. मारायचे वगैरे नाहीत ते. नुसते यायचे. घर जागच्या जागी बसून घ्यायचं. मी कुणाच्या येण्यानं दाराकडे धावलो नाही आणि माझ्या येण्यानं कुणी धावलं नाही. भैरवी लहानपणी मी आलो की दप्तर आवरायला घ्यायची. हैदराबादला नोकरीला जाताना तिनं हे पांढरं गाठोडं आमच्या गळ्यात मारलं. कापसाच्या बोंडासारखा दिसतो म्हणून बोंड्या, हे नाव माझं. आणि हा एकटा, अकरा वर्षं, रोज, माझी गाडी कोपऱ्यावर वळली की वेडा व्हायचा. मी कोण, काय, आज कुणाशी भांडून आलो, काही विचारायचं नाही त्याला. आता तेवढंही करायचं नाही म्हणे.

धक्का बसला होता, बसलाच होता, पण त्याच्या खाली दुसरंही काहीतरी होतं आणि ते मी नाकारणार नाही. जिनिंगमध्ये काट्यावर बसणाऱ्या प्रेमसिंगला मी सांगितलं, “माझ्या येण्याचा आनंद त्याच्या हृदयाला सोसत नाही म्हणते डॉक्टर.” प्रेमसिंगनं काटा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. “का सांगता साहेब! माह्या घरी मी गेलो त कोनी मान वर करून पाहत नाही, अन् तुमचा कुत्रा बेसुद पडते! नशीब लागते बावा याले.” सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना ते वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. नशीब लागतं. कुणाचं तरी काळीज माझ्यामुळे थांबतं. असा विचार करणाऱ्या माणसाला जोड्यानं मारलं पाहिजे, पण विचार आला, आणि बरा वाटला.

नियम मी पाळले. मी काही रागीट माणूस नाही, आवाज मोठा आहे एवढंच. सगळी मशीनं एकदम चालू असताना शेजारच्याला मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं; पस्तीस वर्षं ओरडलं की घसा तसाच बसतो. पण पाळले. मागचं दार सोडलं, पुढच्या दारानं येऊ लागलो. गाडी कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणायची. कपडे जिनिंगमध्येच बदलायचे. दार उघडायचं, समोर बघायचं नाही, खुर्चीत बसायचं, पेपर धरायचा. पहिले काही दिवस तो पायांशी नाचायचा, माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत राहायचा, आणि मी सोयाबीनचे भाव वाचायचो. वाचत कसला, अक्षरं दिसायची नाहीत. पेपरच्या कडेखालून एक पांढरा कान दिसायचा. कधी तो कण्हायचा, ऐक ना, मी आहे इथे, असं, आणि मी पान उलटायचो. माझ्याच्यानं झालं हे, कसं झालं माहीत नाही. रजनीशी बोलायचं तर हळू. फोनवर हळू. भाजीत मीठ जास्त झालं तर हळू. वरच्या भाडेकरूनं पुन्हा माझ्या गाडीसमोर गाडी लावली तर वर जाऊन हळू. तो घाबरलाच. त्याला वाटलं मी काहीतरी कारस्थान करतोय. रजनी ओट्याशी गुणगुणायला लागली होती. मला वाटलं, बोंड्या बरा आहे म्हणून असेल. आणि तो बराच होता. माझ्यासमोर एकदाही पडला नाही. हळूहळू त्यानं नाचणं सोडलं. मी आलो की मान वर करायचा, मी पेपर धरला की मान खाली ठेवायचा. शिकला. मी रजनीला म्हटलं, “बघ, जमलं की नाही?”

महिनाभरानं एक दिवस ट्रान्सफॉर्मर जळला. जिनिंग दुपारीच बंद पडलं, पाळी सोडून दिली. मी भर दुपारी घरी आलो, गाडी ढकलत, सवयीनं. पुढचं दार आतून लावलेलं म्हणून बाजूच्या बोळातून मागे गेलो. जाळीतून आत स्वयंपाकघर दिसत होतं. बोंड्या पाण्याच्या वाटीजवळ आडवा पडला होता. पाय ताठ, मान मागे, तोंड भिंतीकडे. मी आल्याचं त्याला कळलंच नव्हतं. कुणाच्याही आल्याचं कळलं नव्हतं, घर बंद होतं, दुपार होती, तो पाणी प्यायला उठला होता. रजनी त्याच्याशेजारी फरशीवर बसली होती. घाबरलेली नव्हती. एक हात त्याच्या छातीवर, दुसऱ्या हातानं ती त्याच्याखाली जुनं फडकं सरकवत होती, आणि म्हणत होती, “झालं, झालं. ऊठ आता. रोज रोज काय रे.” मी जाळीला हात लावून उभा होतो. रोज रोज. तो उठला, कान झाडले, आणि पुन्हा पाणी प्यायला लागला, मघाचं राहिलं होतं ते.

दार उघडताना रजनीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मी पाहिलं. “केव्हापासून?” मी म्हटलं. “नागपूरहून आल्यापासूनच. कधी पाणी पिताना, कधी नुसता बसल्याबसल्या.” “मी नसताना?” “तुमचा काय संबंध त्यात?” ती म्हणाली, आणि मला वाटलं कुणी तरी माझ्या पायाखालची फरशीच काढून घेतली. “दीपा मॅडमला माहीत आहे. मी नेऊन आणलं त्याला रिक्षानं. त्या म्हणाल्या, आनंद हे एक कारण झालं, पण आता ताल आपोआपही सुटतो. कशानंही. काही नसतानाही. गोळी वाढवून दिली ती उगाच का?” “मग मला काहून नाही सांगितलं?” ती खाली बसून फडकं सारखं करायला लागली. “मी महिनाभर त्याच्याकडे पाहिलं नाही रजनी! तो माझ्या पायाशी बसून रडत होता आणि मी…” आवाज चढत होता. मला तो माझ्या पोटातून वर येताना जाणवत होता, जुना, पूर्ण, मशीनवर मात करणारा. आणि रजनीनं हात पुढे करून बोंड्याला पटकन आपल्याजवळ ओढलं, त्याचे कान आपल्या तळव्यांनी झाकले. विचार करून नाही केलं तिनं ते. हात आपोआप गेले. ते हात मला ओळखीचे वाटले. मी बोलताना भैरवीला ती अशीच जवळ घ्यायची, आणि मी समजायचो माया करतेय.

मी थांबलो. मी खरोखर थांबलो, तोंड उघडं ठेवून. “सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे झाले असता,” ती म्हणाली. “पहिल्यासारखा म्हणजे?” “म्हणजे पहिल्यासारखे.” मला वाटलं होतं ती रडेल, पण ती रडत नव्हती, नुसती दमलेली दिसत होती. “घर किती शांत झालं होतं अहो. तुम्ही यायचे आणि काही व्हायचंच नाही. मला सवय लागली. पाचनंतर माझ्या छातीत धडधडायचं ते थांबलं होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.” “धडधडायचं?” “मग? त्यालाच धडधडतं का फक्त?” मी ओट्याला टेकलो. मला ते कळत होतं आणि कळत नव्हतं. माझ्या येण्यानं ज्याचं काळीज सुटत होतं असं मी समजत होतो, त्याचं माझ्याशिवायही सुटत होतं. आणि जिच्याबद्दल मी कधी विचारही केला नव्हता, तिचं रोज पाच वाजता. “म्हणजे हे सगळं बोंड्यासाठी नव्हतं,” मी म्हटलं. “त्याच्यासाठी होतंच,” ती म्हणाली. “पण न सांगणं माझ्यासाठी होतं. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.”

खूप होतं म्हणायला. मला अंधारात ठेवलं, मला फसवलं, एका मुक्या जिवाला माझ्यापासून तोडलं, हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य हळू म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी खाली वाकलो. “बोंड्या,” म्हटलं. महिनाभरानं आल्या आल्या हाक मारली त्याला. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग रजनीकडे पाहिलं, जाऊ का म्हणून. तो आला नाही. त्यापेक्षा मला कुणी मारलं असतं तर चाललं असतं. “ये ना रे,” मी म्हटलं. शेपटीचं टोक हललं, पण तो जागचा हलला नाही. त्याला मी शिकवलं होतं ते त्याला पाठ होतं. मग मी गुडघे टेकले. या वयात, फडक्याच्या बाजूनं, ओल्या फरशीवरून हातापायांवर त्याच्याकडे गेलो. रजनी बाजूला सरकली. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. हाताखाली ठोके धावत होते, अडखळत होते, मध्येच काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात मी श्वास धरून बसलो. मग एक आला. तो माझं मनगट चाटायला लागला. आता पडेल, मला वाटलं. पडला तर पडू दे, माझ्या हातात पडू दे. पण पडला नाही. पुढचा ठोका आला, त्याच्या मागचाही आला. मी हात काढला नाही. रजनी उभी होती. माझ्याकडे बघत होती, अजून काहीतरी होईल याची वाट बघितल्यासारखी. मग म्हणाली, “पाणी आणू?”

“आण,” मी म्हटलं. हळू म्हटलं.